आजीच्या पुण्यस्मरणाचं पुस्तक, हरभट रोडवरच्या छोट्या दुकानातून

सांगलीत जुने फोटो नीट करून घ्यायचे असतील आणि त्याचं छोटंसं पुस्तक छापून हवं असेल तर हरभट रोडवरच्या या दुकानात जा, डोळे झाकून जा. खाली झेरॉक्स आणि स्टेशनरी, लोखंडी जिन्यानं वर गेलं की पोटमाळ्यावर स्कॅनर, दोन कॉम्प्युटर आणि कागदांचे गठ्ठे, एवढंच दुकान. नवराबायको दोघं चालवतात, दादा फोटोचं बघतात, वहिनी डीटीपी करतात. बोर्डावर लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुक, फ्लेक्स असलंच लिहिलंय, पुस्तकाचं नावसुद्धा नाही, त्यामुळं रस्त्यावरनं जाणाऱ्याला कळणारच नाही वर काय दर्जाचं काम चालतं ते. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

काम असं होतं. आमची आजी 2024 च्या नोव्हेंबरात गेली, 88 वर्षांची होऊन. आम्ही कॅथलिक, घर मूळचं मिरजेचं, आजोबा रेल्वेत. पाच मुलं, चौदा नातवंडं आणि नऊ पतवंडं एवढा पसारा आजीनं डोळ्यांनी बघितला. आमच्यात पहिल्या पुण्यस्मरणाच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, आलेल्यांना आठवणीचं कार्ड द्यायची पद्धत आहे, एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला तारखा आणि प्रार्थना, लोक ते प्रार्थनेच्या पुस्तकात खुणेला ठेवतात. तेवढ्यावर माझं मन भरेना. आजीला 69 वर्षं झाली होती लग्न होऊन, त्यातली तीसेक आजोबांशिवाय काढली तिनं, आणि लहान पतवंडांना ती फक्त खाटेवर बसून जपमाळ ओढणारी म्हातारी म्हणून माहिती. त्यांना कळायला पाहिजे ही बाई कोण होती. म्हणून पुस्तक करायचं ठरवलं.

आधी एका दुसऱ्या ठिकाणी विचारलं होतं, नाव घेत नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर तयार फॉरमॅट दाखवला, समई, कमळ, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधे फोटोची खिडकी, खाली 'शोकाकुल' आणि नावांची रांग. मी म्हटलं आम्ही ख्रिश्चन आहोत, तर त्यांनी समई काढून क्रॉस टाकला आणि म्हणाले झालं. बाकी सगळं तेच. माझा भाऊ घेऊन टाक म्हणत होता, मी उठून आले.

इथं आल्यावर वहिनींनी पहिला प्रश्न काय विचारला असेल, तर 'आजी दिवसभर काय करायच्या?' कॉम्प्युटरला हातपण लावला नव्हता अजून. वहीत लिहून घ्यायला लागल्या. मी सांगत गेले, पहाटे उठायची, साडेसहाची मिस्सा, आल्यावर चुलीला, दुपारी शिवण आणि क्रोशाचं काम, संध्याकाळी सातला जपमाळ, सगळ्या पोरांनी गोणपाटावर गुडघे टेकायचे आणि जो पेंगेल त्याला पुढचं रहस्य (जपमाळेतला येशू-मरीयेच्या आयुष्यातला प्रसंग) म्हणायला लावायचं. वहिनी हिंदू, चर्चमधे कधी गेलेल्या नाहीत, पण एकेक गोष्ट अशी विचारून घेतली की मला घरी येऊन आत्याला फोन करून उत्तरं शोधायला लागली. नावाआधी ख्रिस्तवासी लिहायचं हेही त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून पक्कं केलं.

आता फोटोंचं सांगते, कारण खरं अवघड काम तेच होतं. आजी 2019 ला मोठ्या काकांकडं मारुती चौकाजवळ राहायची. त्या ऑगस्टमधे काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको, आयर्विन पुलाजवळ 45 फुटाला धोक्याची पातळी आणि पाणी गेलं 57 फुटांवर. सगळे आजीला घेऊन मिरजेला आत्याकडं गेले, आजीची ट्रंक खाटेखाली राहिली. पाणी उतरल्यावर ट्रंक उघडली तर अल्बमचा एक ठोकळा झालेला, वर चिखलाचा थर, आणि तो तसाच वाळला. नंतर कुणाची उघडायची हिंमत झाली नाही. आजीनं ती ट्रंक टाकू दिली नाही एवढंच.

दादांनी तो ठोकळा हातात घेऊन उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, 'ताई, ओढून काढायचा नाही बरं का एकपण. ब्लॅक अँड व्हाइट आहेत ते पाण्यात सुटतील, रंगीत आहेत त्यांचा भरवसा नाही.' मग समजावून सांगितलं, फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं, ते ओलं होऊन वाळलं की डिंकासारखं धरतं, परत स्वच्छ पाण्यात भिजवलं की मऊ पडून सुटू शकतं, पण रंगीत फोटोचा रंगाचा थरच पाण्याबरोबर सरकतो. आधी ज्या फोटोंच्या कॉप्या नातेवाइकांकडं आहेत तेवढेच भिजवून बघितले, ते सुटले तेव्हाच बाकीच्यांना हात लावला. ट्रेमधे पाणी, पाणी बदलत राहायचं, सुटलेला फोटो चेहरा वर करून सावलीत ब्लॉटिंग पेपरवर ठेवायचा, उन्हात नाही. आजीआजोबांचा लग्नाचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलेला होता, त्याला मात्र भिजवायला त्यांनी साफ नकार दिला. एकच कॉपी आहे, रिस्क घेणार नाही म्हणाले. काचेसकट स्कॅन केला, 1200 डीपीआयला, आणि काचेवरचे डाग कॉम्प्युटरवर काढले. दुसरा कुणी असता तर काच फोडली असती.

त्या स्कॅनमधे एक गोष्ट दिसली जी आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती. फोटो भिंतीवर होता तेव्हा एवढाच दिसायचा की आजी पांढऱ्या साडीत उभी आहे, डोक्यावर नेट, शेजारी आजोबा कोटात एकदम ताठ. स्क्रीनवर मोठा केल्यावर दादा म्हणाले हातात काय गुंडाळलंय बघा. डाव्या मनगटाला जपमाळ, दोन वेढे देऊन, आणि तिचा क्रॉस एका कोपऱ्यात वाकलेला. तोच वाकडा क्रॉस आजीच्या शेवटच्या जपमाळेला होता, मण्यांची तार दोनतीनदा बदलली पण क्रॉस तोच. आम्ही ती जपमाळ तिच्या हातात ठेवूनच तिला पुरलं. दादांनी पुस्तकात तो हात वेगळा मोठा करून छापला नाही, मी म्हटलं होतं छापा म्हणून. ते म्हणाले पूर्ण फोटोच पानभर मोठा टाकू, ज्याला बघायचंय त्याला दिसेल. त्यांचंच बरोबर होतं, पतवंडं आता पुस्तक घेऊन एकमेकांना तो हात शोधायला लावतात.

बाकी फोटोंची एक अडचण होती आणि ती मला इथं आल्यावरच कळली. साठ-सत्तर वर्षांचे फोटो, आणि आजी एकाही फोटोत मधोमध नाही. बाप्तिस्म्याच्या फोटोत बाळ धरून कडेला, दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरच्या विधीच्या, फोटोत बिशपांच्या मागं तिसऱ्या रांगेत, नाताळच्या फोटोत हातात ताट घेऊन निम्मी चौकटीबाहेर, मामाच्या लग्नात तर फक्त साडीचा पदर. आजोबांकडं आगफा क्लिक कॅमेरा होता, त्याचे ते छोटे चौकोनी फोटो, त्यात पोरं, इंजिन, मित्र, बागेतला गुलाब सगळं आहे, आजीचा एकटीचा फोटो एकसुद्धा नाही. एकटीचा फोटो म्हणजे रेशनकार्डाचा आणि मग थेट आधारचा. मी म्हटलं प्रत्येक फोटोतनं तिला कापून काढा आणि मागं छान बॅकग्राउंड टाका, सगळे तेच करतात. वहिनींनी एक तसं करून दाखवलं आणि शेजारी मूळ फोटो ठेवला. कापलेल्या फोटोत आजी कुठलीच वाटेना. मूळ फोटोत ती कडेला आहे, पण तिच्या हातातलं ताट कुणाकडं चाललंय ते दिसतं, कुठलं पोरगं तिच्या पदराला धरून उभं आहे ते दिसतं. मग ठरलं, कापाकापी करायची नाही, सगळे फोटो जसेच्या तसे, फक्त तिचा चेहरा उजळ करायचा, आणि खाली ओळीत ती कुठं उभी आहे ते लिहायचं. 'डावीकडून शेवटची', 'दारात', 'मागच्या रांगेत, चेहरा अर्धा'. माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं काम हे आहे. आपल्याकडं बहुतेक घरांत आईचे, आजीचे फोटो असेच असतात, बघा काढून.

पानांच्या किनारीला वेलबुट्टी टाकायची का विचारलं तेव्हा मी आजीचं क्रोशाचं काम दाखवायला नेलं होतं. आजी चर्चमधली वेदीवरची वस्त्रं धुवायची, कांजी करून इस्त्री करायची, आणि त्यांना लागणारी लेस स्वतः विणायची, कित्येक वर्षं केलं तिनं ते, पैसे न घेता. फादर कॅलिस, म्हणजे मिस्सेतला द्राक्षारसाचा पेला, पुसतात तो छोटा रुमाल धुतला की त्याचं पहिलं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, मातीत ओतायचं, असा नियम आहे कारण त्याला ख्रिस्ताच्या रक्ताचा अंश लागलेला असतो. आजी ते पाणी पितळी भांड्यात घेऊन परसातल्या जास्वंदीच्या मुळाशी ओतायची आणि तोवर आम्हाला तिथं दंगा करायला बंदी. हे मी सहज सांगत होते, तोवर दादांनी ती लेस स्कॅनरच्या काचेवर पसरून वर काळा कागद ठेवून स्कॅन केलीसुद्धा. आमच्या पुस्तकाच्या प्रत्येक पानाला खाली तीच किनार आहे, आजीच्या हातची, एक टाका चुकलेला आहे तो पण आलाय. धुण्याची गोष्ट वहिनींनी वेगळ्या पानावर लिहून घेतली आणि मिस्सेनंतर आमच्या फादरांनी खास त्या पानाबद्दल विचारलं.

तारखांच्या बाबतीत हे दोघं फार कडक आहेत, हे आधीच सांगून ठेवते, कुणाला त्रास वाटेल पण मला तो आवडला. आजीचा वाढदिवस आम्ही कायम 8 सप्टेंबरला करायचो, मरीयेच्या जन्माच्या सणाला. वहिनींनी विचारलं ही तारीख कुठनं घेतली. कागद काहीच नव्हता. लग्नाचं पण तसंच, काका म्हणणार 54, आत्या म्हणणार 55, वीस वर्षं वाद. वहिनी म्हणाल्या छापल्यावर हीच तारीख पुढं सगळे धरणार, एकदा खात्री करा. आजीचं माहेर श्रीरामपूरकडचं, तिथल्या चर्चमधे बाप्तिस्म्याचं रजिस्टर असतं. तो भाग आता नाशिक धर्मप्रांतात आहे, 1987 पासून, आजीच्या जन्मावेळी पुणे धर्मप्रांतात होता, पण रजिस्टरं त्या त्या चर्चमधेच राहतात, त्यामुळं चुलतभावाला पाठवून उतारा काढून आणला. त्यात जन्मतारीख ऑगस्ट 1936 ची निघाली, सप्टेंबरची नाहीच. आणि कॅथलिक रजिस्टरात बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीच नंतर दृढीकरण आणि लग्न कुठं कधी झालं ते टिपून ठेवायचा नियम असतो, मग मिरजेतल्या लग्नाची तारीखही तिथंच समासात सापडली, 1955. आत्याचं बरोबर निघालं. पुस्तकात रजिस्टरची तारीख छापली आणि खाली एक ओळ, वाढदिवस मात्र 8 सप्टेंबरलाच साजरा व्हायचा.

8 सप्टेंबरचं वेड तिला माहेरनंच लागलं होतं. श्रीरामपूरजवळच्या हरेगावच्या मतमाउलीची, म्हणजे मरीयेची, यात्रा त्याच सुमाराला असते आणि आजी बहुतेक दरवर्षी जायची, आजोबांचा रेल्वेचा पास होता, मिरजेतनं पुण्याकडं मीटरगेजनं, गाडी बदलत बदलत दौंडवरनं बेलापूर स्टेशन, म्हणजे श्रीरामपूरच, तिथनं पुढं टांगा नाहीतर चालत. डोक्यावर टोपलं, टोपल्यात भाकरी आणि मेणबत्त्या, काखेला एक पोर. त्या यात्रेचा एक धुरकट फोटो आहे, गर्दीत आजी ओळखू येत नाही, दादांनी तास लावून साडीच्या काठावरनं तिला शोधली. आजोबा मिरजेच्या इंजिन शेडला क्लीनर म्हणून लागले आणि फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, झाले, तेव्हा मिरजेत नॅरोगेज, मीटरगेज, ब्रॉडगेज तिन्ही रूळ यायचे एक काळ, त्यांचं सगळं आयुष्य त्या रुळांवर गेलं आणि घर आजीनं ओढलं. त्यांच्या ड्यूट्या रात्रीअपरात्री, ती डबा भरून द्यायची आणि ते परत येईपर्यंत जेवायची नाही, आत्या सांगते. शुक्रवारी घरात मटण-मासळी बंद, ईस्टरआधीच्या उपवासकाळात तर आजी चहातली साखरपण सोडायची, पण आजोबांच्या डब्यात कधी काही कमी पडू दिलं नाही.

जपमाळेच्या पानावरनं घरात जरा खेचाखेची झाली. वहिनींनी वारांप्रमाणे रहस्यांचा तक्ता मांडला होता, सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. हे आत्ताचं बरोबर आहे, प्रकाशाची रहस्यं पोप दुसरे जॉन पॉल यांनी 2002 मधे दिली. पण आजी गुरुवारी शेवटपर्यंत आनंदाचीच म्हणायची आणि शनिवारी गौरवाची, लहानपणापासूनची सवय. काका म्हणाले चर्चचा तक्ता छापा, आत्या म्हणाली आजीचा. दोन्ही छापले शेजारीशेजारी, वहिनींनीच जागा काढून दिली. मिस्सेचंही तसंच, आजी वाढली लॅटिन मिस्सेत, दुसरी व्हॅटिकन परिषद झाली 1962 ते 65 आणि त्यानंतर मराठीत मिस्सा सुरू झाली, तोवर तिची पोरंपण झालेली. मराठी मिस्सा तिला मनापासून आवडायची, पण कधीतरी भांडी घासताना 'दोमिनुस व्होबिस्कुम' पुटपुटायची आणि स्वतःच 'एत कुम स्पिरितु तुओ' म्हणून उत्तर द्यायची. अर्थ विचारला की म्हणायची देव तुमच्याबरोबर असो, अजून काय असणार. शाळा चौथीपर्यंत, पण 'निरोप्या' हे कॅथलिकांचं मराठी मासिक अक्षर न अक्षर वाचायची, ते 1903 पासून निघतंय, त्याचे जुने अंक तिच्या ट्रंकेत होते आणि पुरात सगळे गेले.

छपाईचं आता. ए-फाइव्ह साइज, 48 पानं, आत 130 जीएसएमचा मॅट कागद आणि कव्हर 300 चं, मॅट लॅमिनेशन. मला परफेक्ट बाइंडिंग हवं होतं, पुस्तकासारखं पाठ असलेलं, पण त्यांनी पिन मारायचा सल्ला दिला, कारण एवढ्या पानांना परफेक्ट बाइंडिंग केलं तर पूर्ण उघडत नाही, म्हातारी माणसं जोर लावून उघडतात आणि पानं सुटतात. पिनचं पुस्तक सपाट राहतं. पानं चारच्या पटीत लागतात हे लक्षात ठेवून मजकूर न्या. अक्षर मोठं घेतलं, 14 पॉइंट, कारण मिस्सेला येणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे.

कव्हरवर निळा रंग घेतला होता, मरीयेच्या झग्याचा. स्क्रीनवर सुंदर दिसला आणि पहिलं प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, आलं ते जांभळं. दादांनी मी काही बोलायच्या आधीच ते बाजूला ठेवलं आणि सांगितलं स्क्रीनवरचा निळा छपाईत तसा येत नाही, निळ्यात मॅजेंटा जास्त गेलं की जांभळा दिसतो, ते कमी करून परत काढतो. परत काढलेलं बरोबर आलं, त्याचे पैसे लावले नाहीत. मजकुराची प्रूफं पण कागदावर देतात, मोबाइलवर पीडीएफ पाठवून ओके करा म्हणत नाहीत, आणि प्रत्येक प्रूफावर सही घेतात. आमच्या घरातली आडनावं, पोर्तुगीज वळणाची नावं, संतांची नावं, सगळी आत्याला समोर बसवून एकेक वाचून तपासली.

पैसे. 100 प्रतींचे प्रत्येकी 220 रुपये पडले. साधं स्कॅनिंग फोटोमागं 15 रुपये, दुरुस्तीचं फोटो बघून ठरतं, आमचे 150 पासून 600 पर्यंत लागले, लग्नाच्या फोटोला सगळ्यात जास्त. पाण्यात भिजवून सोडवायच्या कामाचे त्यांनी वेगळे पैसे घ्यायला पाहिजे होते असं माझं मत, घेतले नाहीत. पुण्यात याच्या दीडपट सांगितले होते आणि तिथं कुणी बसून ऐकून घेतलं नसतं.

आता जे पटलं नाही ते. फोन उचलत नाहीत, हे खरंच त्रासाचं आहे, काम चाललंय का थांबलंय कळत नाही, प्रत्यक्ष जायला लागतं. दिलेल्या तारखेला काम झालं नाही, आठवडाभर उशीर झाला, मिस्सेच्या दोन दिवस आधी संध्याकाळी प्रती हातात आल्या तोवर माझा जीव टांगणीला. लग्नसराईत तर पुस्तकाचं काम देऊच नका, पत्रिकांपुढं ते मागं पडतं. जिना फार उभा आहे, माझ्या आत्याला गुडघ्यांमुळं चढता येईना, तर वहिनीच खाली उतरून झेरॉक्सच्या काउंटरवर प्रूफं घेऊन बसल्या, पण म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणार असाल तर आधी सांगून ठेवा. हार्डकव्हर करत नाहीत. गाडी लावायला जागा नाही, चारचाकी लांब लावून चालत यायला लागतं, संध्याकाळी तर विचारूच नका.

एक अजून, शेवटच्या दोन पानांवर पतवंडांची नावं छापायची होती आणि एका नातवाची बायको बाळंतीण होणार होती. वहिनींनी तिथं एक ओळ रिकामी ठेवली, लेसच्या किनारीवर, कुणी न सांगता. बाळ झालं पुस्तक छापून झाल्यावर, मुलगी, आणि तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी काकांनी सगळ्यांच्या प्रतींत पेनानं तिचं नाव लिहिलं. तिला आजीचंच नाव ठेवलंय.

जाणार असाल तर फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेऊ नका, कागदाच्या पाकिटात न्या, आणि जुन्या फोटोंच्या मागं पेनानं काही लिहू नका, शिसपेन चालते. ज्याला फोटोतली माणसं ओळखता येतात अशा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या किंवा नावांची यादी करून न्या, त्यानं बराच वेळ वाचतो. काम झाल्यावर स्कॅन केलेले सगळे फोटो पेन ड्राइव्हवर देतात, पेन ड्राइव्ह आपला न्यायचा. पुस्तकाची फाइल ते स्वतःकडं ठेवतात, नंतर 10 प्रती जरी हव्या असल्या तरी काढून देतात, दर थोडा जास्त पडतो. आम्ही नाताळात अजून 20 काढल्या, हरेगावकडच्या नातेवाइकांसाठी.